पटकीची नोंद

इतवारीत बोकऱ्यांच्या मिरची गोदामावर
एक लांबट खोली आहे. तिथे दर रविवारी
आम्ही अठराशे सतरा साल मांडतो.

थर्माकोलच्या दोन टेकड्या, एक मोठी, एक धाकटी.
उकळून वाळवलेल्या चहापत्तीची माती.
सुतळीच्या शेपटीचे घोडे,
बोटाच्या पेराएवढे अरब, तेलंगे,
तीन केसांच्या ब्रशने मिशा ओढलेले.
खालून खकाणा आला की कुणीतरी शिंकतो
आणि अर्धी पलटण आडवी होते.
शिंकेने मेलेला मेला नाही,
हा आमचा पहिला नियम.

दुसरा कडक.
लढाईत मेलेला पुढच्या रविवारी उभा राहत नाही.
तो बिस्किटांच्या डब्यात जातो
आणि माझ्या लाल चोपडीत खर्ची पडतो.
एक लढाई संपते, तिची उधारी दुसरीत चालू.
कन्हानपलीकडे अडकलेले बैल,
ओली झालेली दारू, थकलेला पगार,
सगळं मी ओढत आणतो पानामागून पान,
कारण मी लढत नाही. मी पंच, मी कारकून.
माझ्याकडे सैन्य नाही, फक्त हवामान आहे.

खरा किल्ला वर्षातून दोन-तीनदा उघडतो.
निमजे म्हणतो, "आपलाच बरा, बापा. चहा बी भेटते."

मनोहर निमजे, वीजमंडळातून रिटायर,
भोसल्यांकडून लढतो. चोवीस घोडेस्वार होते त्याचे.
नाग नदीवर अकरा गेले. सक्करदऱ्याला चार.
उरले नऊ.
समोर शलाका उमाठे, दंतवैद्य, कंपनीची बाजू.
तिचा हात हलत नाही,
ना फासा टाकताना, ना दाढ काढताना.

एका रविवारी निमजेचा फोन लागला नाही.
दुसऱ्या रविवारी भाचीचं वास्तुपूजन निघालं.
तिसऱ्या रविवारी पुन्हा वास्तुपूजन, दुसऱ्या भाचीचं.
मोहीम अशीच मरते, तोफेने नाही,
हरणाऱ्याच्या वास्तुपूजनांनी.

त्या रात्री कूलरची खस टिपकत होती.
मी चोपडी उघडली आणि फासा न टाकता लिहिलं:
कंपनीच्या छावणीत पटकी. सहा दिवस.
तीनशे माणूस निकामी.
शाई वाळेपर्यंत बघत बसलो.
तेव्हा, खरोखरच्या तेव्हा, कुणी असं लिहिलं असतं तर?
पण तेव्हा चोपडी कुणाच्या हाती होती देव जाणे.

दोघांना निरोप धाडला.
निमजे सांबारवडीचं पुडकं घेऊन पावणेनऊलाच हजर.
"पटकी? काहून?"
"विहिरीचं पाणी," मी म्हणालो.
त्याने माझा चेहरा पाहिला नाही, नकाशावर वाकला होता.

शलाकाने काहीच विचारलं नाही,
फासा कुणी टाकला, कधी, किती पडले.
पर्स उघडली आणि दातात भरायच्या सिमेंटचे
बारा इवलेसे उंचवटे
आपल्या छावणीमागे ओळीत ठेवले.
"माणसं गेली म्हणजे कुठेतरी पुरावी लागतील ना, सर."
एकावर तर तिने गवतही चिकटवलं होतं.
मी चोपडीत डोकं घातलं.

लढाई झाली. निमजे हरला.
नऊचे पाच झाले.
धाकटी टेकडी मात्र त्याने दोन डाव धरून ठेवली,
आणि जिना उतरून गेल्यावर खालून,
मिरच्यांच्या पोत्यांमधून, शिंकत ओरडला,
"पाचात बी भागते बे!
बैल किती उरले तेवढं सांगून ठेव."

दिवा पुन्हा लावून मी बैल मोजले.
दोन लंगडे धरून एकोणीस.
हे मात्र खरे मोजलेले.